पंधराव्या पातळीचे मानकरी

दुसऱ्याच्या घरात डोकवायचं तर निदान खिडकीपर्यंत जावं लागतं, टाचा उंच कराव्या लागतात, कुणी बघेल याची धास्ती असते. हिवरतळच्या प्रतिष्ठित मंडळींनी हे सगळे कष्ट वाचवले होते. ती खुर्चीत बसून, भजी खात, लोकांच्या मोरीतून आत शिरायची.

ऋजुता कानडेला हे कळलं ते रसाळबाईंमुळे.

रसाळांच्या तन्मयशी तिच्या नणंदेचं, शाल्मलीचं, लग्न जवळजवळ ठरलं होतं. साखरपुड्याची तारीख काढायची म्हणून रसाळबाई आल्या आहेत असं समजून सासूबाईंनी पोहे केले, वर ओलं खोबरं भुरभुरलं. बाईंनी बशीला हात लावला नाही.

"मुलगी रोज संध्याकाळी कसली गोळी घेते?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला. "कसली गोळी?"

"फिटची. आम्हाला नावसुद्धा माहितीये गोळीचं. लपवून ठेवलंत की नाही एवढं?"

शाल्मली पाण्याचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिला लहानपणी फिट यायच्या. गोळी सुरू झाल्यापासून कित्येक वर्षांत एकही आली नव्हती. ती शाळेत गणित शिकवायची, स्कूटर चालवायची, पोहायची.

"मी लपवणार नव्हते, काकू," ती म्हणाली. "येत्या रविवारी तन्मयला भेटून मी स्वतःच सांगणार होते. त्याला विचारा, मला एक महत्त्वाचं बोलायचंय असा निरोपही दिलाय मी."

"आता सांगून काय उपयोग? आम्हाला आधीच कळलंय."

"पण कळलं कुठून?" ऋजुता मध्येच बोलली.

रसाळबाई उठल्या, पदर सारखा केला आणि तिच्याकडे बघून हसल्या. "तुमच्याच घरचं माणूस की गटाराच्या ऑफिसात आहे. आम्हाला काय विचारता?"

त्या गेल्या. पोहे निवत राहिले. घरातल्या सगळ्यांनी ऋजुताकडे बघितलं आणि मग लगेच दुसरीकडे बघितलं. त्या दुसरीकडे बघण्यानेच तिला जास्त लागलं.

*

गटाराचं ऑफिस म्हणजे नगरपरिषदेतली तळमजल्यावरची एक थंडगार खोली. ऋजुता तिथे नेटवर्क सांभाळायची.

त्याचं असं झालं होतं. काही वर्षांपूर्वी हिवरतळमध्ये काविळीची मोठी साथ आली. कुठल्या गल्लीत पाणी नासलंय हे कळेपर्यंत दवाखाने भरले, माणसं गेली. त्यानंतर सरकारने प्रत्येक घराच्या चेंबरच्या तोंडाशी, म्हणजे न्हाणी, मोरी, संडास यांचं पाणी जिथे एकत्र येतं तिथे, एक यंत्र बसवलं. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं. गावाने त्याला 'नाक' म्हणायला सुरुवात केली.

नाकाचं काम सोपं होतं. माणूस जे खातो, पितो, जी औषधं घेतो, त्याचे तुकडे शरीर बाहेर टाकतंच. गोळी पोटात विरघळते, यकृत तिची मोडतोड करतं, मूत्रपिंड ते तुकडे गाळून लघवीत सोडतं. प्रत्येक औषधाच्या तुकड्यांची घडण वेगळी. नाकातल्या पट्टीवर अशा हजारो बारीक खाचा कोरलेल्या होत्या. एखादा रेणू आपल्या खाचेत नेमका बसला की तिथून विजेची किंचितशी सळसळ उठे आणि तारेवाटे पुढे जाई. काविळीचा विषाणू आला की वेगळी सळसळ, पटकीचा जंतू आला की वेगळी. साथ दवाखान्यात पोचण्याआधी गटारात दिसू लागली. खरोखर चांगलं यंत्र होतं ते. पण त्याच पट्टीला दारूही कळायची, साखरही, गर्भार बाईच्या शरीरातले बदलही आणि फिटची गोळीसुद्धा.

गावभरच्या नाकांच्या तारा त्या थंडगार खोलीतल्या स्विचला येऊन मिळत. हा स्विच म्हणजे दिव्याचं बटण नाही. आलेली माहिती कुठल्या वाटेने कुणाकडे जाऊ द्यायची हे ठरवणारी ती पेटी. कुणाला काय दिसेल हे पातळ्यांवर ठरे. पहिल्या पातळीच्या माणसाला सगळ्या गावाची गोळाबेरीज दिसे, तेवढीच. ऋजुता सातव्या पातळीवर होती. तारा, बिघाड आणि फार तर वॉर्डाची बेरीज तिच्या हातात. पंधरावी पातळी शेवटची. तिथून एकेका घराची नोंद उघडता येई आणि स्विचला वाटेल ती आज्ञा देता येई. ती पातळी जिल्ह्याच्या साथरोग अधिकाऱ्यासाठी होती, तीही साथ असेल तेव्हा.

पण हिवरतळमध्ये आकडा दिसला की लोकांना त्यात मान दिसतो. नगराध्यक्ष पद्माकर धोत्रे यांनी आधी स्वतःला पंधरावी पातळी घेतली. मग माजी नगराध्यक्ष रुसले, त्यांना दिली. मग बाजार समितीचे सभापती रुसले. शेवटी प्रथाच पडली. सत्कार असला की शाल, श्रीफळ आणि पंधरावी पातळी. कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली यावरून भांडणं नकोत म्हणून सगळ्यांना मिळून एकच खातं काढलं. खात्याचं नाव 'मानकरी', घरबसल्या फोनवरूनही उघडणारं. पासवर्ड ग्रामदैवताचा, म्हणजे विसरायला नको.

राहता राहिली नोंद. स्विच आपल्या पोटात काय घडतं ते लिहून ठेवत असतो. किती लिहायचं त्याच्याही पातळ्या असतात, फक्त इथे उलटं. सात म्हणजे बारीकसारीक सगळं आणि शून्य म्हणजे पेटीला आग लागायची वेळ आली तरच. 'उगाच कचरा साठतो,' असं म्हणत धोत्रेसाहेबांनी ऋजुताच्या आधीच्या माणसाकडून ते शून्यावर आणून ठेवलं होतं. त्यामुळे कानड्यांची मोरी कुणी उघडली हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आणि लिहिलं असतं तरी नाव एकच निघालं असतं, मानकरी.

ऋजुताने हे सगळं घरी समजावून सांगितलं. नवऱ्याने, परागने, शांतपणे ऐकलं.

"कळलं," तो म्हणाला. "पण ऋजू, चुकून कुणाशी बोलून गेली असशील. डबा खाताना वगैरे. मी रागावत नाहीये."

"पराग, मला घरागणिक दिसतच नाही!"

"हो, पण काम तिथेच करतेस ना."

सासूबाईंनी शाल्मलीच्या गोळ्यांचा डबा स्वयंपाकघरातल्या फडताळातून काढून आपल्या कपाटात नेऊन ठेवला. ऋजुताला कुणी तोंडावर चोर म्हटलं असतं तर परवडलं असतं.

तिची बाजू घेतली ती एकट्या सासऱ्यांनी. अण्णा म्हणजे माधवराव कानडे, निवृत्त मुख्याध्यापक. माणूस इतका टापटिपीचा की बाहेरून आल्यावर कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय पाण्याच्या पेल्याला शिवायचा नाही. फिरायला जाताना नाल्याचा पूल आला की नाकाला रुमाल. दोन वर्षांपूर्वी त्यांचाही सत्कार झाला होता. "मला काय करायचंय त्या गटाराशी?" असं म्हणत त्यांनी शाल कपाटात टाकली आणि नारळाच्या वड्या करायला सांगितल्या.

"आपल्या ऋजुताचं नाव कुणी घ्यायचं नाही," अण्णा म्हणाले. "मी तिला ओळखतो." आणि त्यांनी स्वतः उठून तिच्यासाठी चहा टाकला. तिला रडू आलं.

*

तन्मय रसाळने फोन उचलणं बंद केलं. शाल्मली शाळेत जायची, यायची, जेवायची, वरवर सगळं नेहमीसारखं. अण्णा मात्र त्या दिवसांत उगाच स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळायचे. "शाल्मली, झोप होते ना? जागरण करू नकोस हं," असं काहीबाही म्हणायचे. लेकीचं लग्न मोडलं, बापाचं काळीज, असं सगळ्यांना वाटलं.

एका सकाळी ती दूध तापवत होती. सांडशी खाली पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ ती पडली. दात आवळलेले, हातपाय झटके देत होते, दूध ओट्यावरून ओघळत होतं. सासूबाई कांदा शोधायला धावल्या. अण्णा त्यांच्याआधी पोचले होते. त्यांनी शाल्मलीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःची उशी सरकवली. "काही हुंगवू नका, तोंडात काही घालू नका," ते ओरडले. उशी त्यांनी कुठून आणली हे त्या गडबडीत कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दुपारी शाल्मली शुद्धीवर, पण थकलेली होती. ऋजुता तिच्या पलंगाची चादर बदलायला गेली तेव्हा गादीखाली कागदाची पुडी लागली. त्यात गोळ्या होत्या. सासूबाई रोज कपाटातून काढून देत होत्या, शाल्मली रोज गादीखाली सारत होती.

"शाल्मली! अगं, अशी एकदम बंद करतात का? स्कूटरवर असतीस तर?"

"घेतली की वाहून जाते ना, वहिनी." शाल्मली छताकडे बघत होती. "आणि वाहून गेली की कुणीतरी वाचतं. मी बाथरूममध्ये गेले की मला वाटतं खाली चारजण बसलेत. कालच्या जेवणात काय होतं, पाळी कधी आली, सगळं बघतायत. मला किळस येते माझीच."

"तू का किळस करून घेतेस? त्यांना यायला पाहिजे."

"त्यांना येत नाही ना पण." ती ऋजुताकडे वळली. "कुणी वाचणार नाही अशी सोय कर. मग घेते गोळी. त्याच्याआधी नाही."

"आणि मध्येच परत फिट आली तर?"

"येऊ दे."

ती हट्टी होती हे ऋजुताला माहीत होतं. डॉक्टरांनी टोचलेल्या इंजेक्शनचा असर जेमतेम दोनेक दिवस टिकणार होता. ऋजुताने चपला घातल्या आणि ती तडक नगरपरिषदेत गेली.

*

धोत्रेसाहेबांच्या दालनात मैफल भरली होती. टेबलावर वर्तमानपत्रावर कांदाभजी, भिंतीवर मोठा पडदा आणि पडद्यावर घरांची यादी. माजी नगराध्यक्ष होते, सभापती होते आणि कोपऱ्यात काडीने दात कोरत तन्मयचे वडील, कापडवाले रसाळ. ऋजुता दारात उभी राहिली तरी कुणाला संकोच वाटला नाही.

"हे बघा, हे बघा," सभापती बोटाचं तेल पडद्याला लावत म्हणाले. "श्रावण पाळतोय म्हणे! आणि खालनं कोंबडी वाहतीये."

"आपल्या विरोधी पक्षनेत्याचं काढा. परवा साखर फार वाढली होती बिचाऱ्याची."

"निवडणुकीपर्यंत टिकला म्हणजे मिळवलं!"

सगळे हसले. रसाळांनी दातातून काढलेलं काहीतरी बघितलं आणि काडी पुन्हा तोंडात घातली. ऋजुताने नजर वळवली. नाल्यावरच्या चेंबरमध्ये वाकून तिने कितीदा तारा जोडल्या होत्या, पण तिथल्या घाणीवरून तिने नजर कधी वळवली नव्हती. ती घाण निदान आपली वाट धरून मुकाट वाहत होती.

"साहेब, हे बंद करा," ती म्हणाली. "माझ्या नणंदेनं याच्यापायी औषध सोडलंय. आज तिला फिट आली."

रसाळ म्हणाले, "बघा! म्हणजे आमचं खरं निघालं."

या माणसाला थोबाडीत मारावी असं तिला इतकं वाटलं की तिने हात पाठीमागे बांधून घेतले.

धोत्रेसाहेबांनी मात्र चेहरा गंभीर केला. बाहेर कुणी तक्रार नेली तर काय होईल हे त्यांना एकट्यांनाच कळत असावं. "मॅडम, बसा. तुम्ही घरच्यासारख्या. भजं घ्या. मी मघापासून हेच म्हणतोय, आपल्या मानकऱ्यांत महिला एकही नाही. बरं दिसत नाही ते. उद्याच्या कार्यक्रमात तुमचा सत्कार करू. तुम्हाला पण पंधरावी. मग तुमच्या घरचं कोण बघतंय ते तुम्हीच सांभाळा की!"

ती नाही म्हणणार होती. तोंडापर्यंत आलेला शब्द तिने गिळला. पंधरावी पातळी म्हणजे स्विचला वाटेल ती आज्ञा.

"साहेबांचं मोठं मन," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला भज्यांसारखा तेलकट वाटला. "फक्त एक सुचवू? सगळ्यांनी 'मानकरी' याच नावानं आत जायचं हे काही शोभत नाही. साहेब नगराध्यक्ष, आणि कालपरवा शाल मिळालेला माणूस, दोघांचं नाव एकच? प्रत्येकाला स्वतःच्या नावानं, उपाधीसकट, आपापल्या फोनवरनंही, अंगठा टेकवून जाता यायला पाहिजे. पडद्यावर आधी नाव झळकेल."

पहिल्यांदा माजी नगराध्यक्षच म्हणाले, "हे बरोबर आहे."

मग उपाध्यांवरून जी जुंपली ती भजी संपेपर्यंत. धोत्रेसाहेब 'लोकनेते' झाले. सभापती 'कृषिभूषण' झाले, शेती बटाईने देत असूनही. रसाळांनी 'समाजरत्न' घेतलं. वर 'माननीय' सगळ्यांनाच हवं होतं. ऋजुता मुकाट्याने टिपून घेत होती. घरी आल्यावर अण्णांनाही तिने सहज सांगितलं, की तुमचंही नाव यादीत आहे, काय लिहू?

"माझं कशाला?" अण्णा म्हणाले. मग थोड्या वेळाने परत आले. "लिहायचंच असेल तर शिक्षणतपस्वी लिही. लोक म्हणतात तसं."

*

सत्कार नगरपरिषदेच्या सभागृहात झाला. निवेदकाने तिला 'डिजिटल दुर्गा' म्हटलं. सर्व मानकऱ्यांनी एकेक करून यंत्रावर अंगठा टेकवला, प्रत्येक वेळी पडद्यावर सोनेरी अक्षरांत नाव उमटलं आणि टाळ्या झाल्या. अण्णा पहिल्या रांगेत होते. सुनेच्या खांद्यावर शाल पडली तेव्हा त्यांनी रुमालाने डोळे पुसले.

पेढे वाटणं सुरू झाल्यावर ऋजुता शालीसकट तळमजल्यावरच्या खोलीत गेली. स्विचचे हिरवे दिवे लुकलुकत होते. तिने अंगठा टेकवला आणि सगळं गाव तिच्यापुढे उघडलं.

सगळ्यांची पातळी उतरवणं सोपं होतं. पण उद्या धोत्रेसाहेब दुसरा माणूस आणून ती परत चढवतील आणि गावाला कधी काही झालं होतं हे कळणारसुद्धा नाही. शाल्मलीची अट तेवढ्याने पुरी होत नव्हती.

मध्येच तिच्या बोटांनी रसाळांच्या घराचा क्रमांक लिहिला. तिने तो लिहायचं ठरवलं नव्हतं. फक्त एक बटण दाबायचं बाकी होतं. समाजरत्न काय पितात, समाजरत्नांच्या बायकोला कुठला आजार आहे. एकदाच बघायचं, कुणाला सांगायचं नाही. तिच्या तोंडाला चक्क पाणी सुटलं आणि त्याच क्षणी तिला स्वतःचीच शिसारी आली. तिने क्रमांक पुसला आणि खांद्यावरची शाल काढून खुर्चीवर फेकली.

मग तिने चार आज्ञा दिल्या. जुनं सामाईक खातं बंद केलं. नोंदीची पातळी शून्यावरून सहावर नेली, म्हणजे कुणी कुणाचं घर उघडलं तरी स्विच ते लिहिणार. ती नोंद नगरपरिषदेत न ठेवता, जे घर उघडलं त्याच घराच्या नळपट्टीवर नोंदवलेल्या फोनवर संदेश म्हणून जाईल असं केलं. आणि शेवटी, स्विचमध्ये वेळ लावता येते, तशी लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला जिल्ह्याचा साथरोग अधिकारी सोडून सगळे पहिल्या पातळीवर. त्यात तिने स्वतःचंही नाव घातलं. त्यानंतर जिल्ह्याच्या परवानगीशिवाय कुणालाच वर चढता येणार नव्हतं.

मानकरी तोवर गप्प बसणार नाहीत याची तिला खात्री होती. स्वतःचं नाव सोनेरी अक्षरांत झळकताना बघायचा मोह कुणाला आवरला असता?

*

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातले सगळे चहाला बसले होते. शाल्मली भिंतीला टेकून होती, डोळ्यांखाली काळं. ऋजुताने गोळीची पट्टी आणून तिच्यापुढे ठेवली होती. शाल्मलीने ती उचलली नव्हती.

गल्लीत कुणाचा तरी आवाज चढला. मग समोरच्या घरातला. "आमची मोरी? आमची मोरी बघतो तो?" असं एक बाई रस्त्यावर येऊन ओरडत होती. पराग खिडकीशी गेला. "रसाळांच्या दुकानासमोर गर्दी जमलीये," तो म्हणाला. "ऋजू, काय झालंय?"

"लोकांना संदेश जायला लागले असतील," ती म्हणाली. "कुणी कुणाचं बघितलं त्याचे. आता कळेल आपल्या घराचं कोण बघत होतं ते."

अण्णांनी कप बशीत ठेवला. थोडा चहा सांडला. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून चहा सांडलेला कुणी बघितला नव्हता.

नळपट्टी सासूबाईंच्या नावावर होती. त्यांचा फोन ओट्यावर वाजला. त्यांनी हात पुसले, चष्मा शोधला आणि शाळेतल्या मुलीसारखं एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचलं.

"माननीय शिक्षणतपस्वी माधवराव कानडे यांनी आज सकाळी आपल्या घराच्या सांडपाण्याची नोंद पाहिली."

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत वाचलं. नाव तेच निघालं.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे काय?"

ऋजुताला आधी अर्थच लागेना. मग लागला, आणि अण्णांनी तिच्यासाठी केलेला तो चहा तिच्या घशाशी आला.

"मी... काळजी म्हणून," अण्णा म्हणाले. "मुलीच्या काळजीपोटी बघत होतो. त्यात वाईट काय आहे?"

"रसाळांचंही बघितलंत?" ऋजुताने विचारलं.

"सोयरीक करायची म्हणजे चौकशी नको का करायला? पूर्वी चार गावं हिंडून करायचो, आता घरबसल्या होते! रसाळ रोज पितात. मी त्यांना बाजूला घेऊन सभ्यपणे म्हटलं, की आम्हाला सगळं कळतं, मुलाला सवय नाही ना? एवढंच." त्यांचा आवाज खाली आला. "मग त्यांनीही आपल्या घरचं उघडलं."

"आणि माझं नाव पुढे आलं तेव्हा तुम्ही मला चहा करून दिलात," ऋजुता म्हणाली.

परागने तोंडावर हात ठेवला. तो बायकोकडे बघू शकत नव्हता. अण्णा घाईघाईने तिच्याकडे वळले. "ऋजुता, झालं ते झालं. हे संदेश आधी बंद कर बाई. गावात माझी काय शोभा राहील? तुला पातळी आहे ना आता."

"बारा वाजेपर्यंत आहे. पण मी बंद करणार नाही, अण्णा."

मग शाल्मली बोलली. इतका वेळ ती वडिलांकडे टक लावून बघत होती. एखादं गणित फळ्यावर पुन्हा पहिल्या ओळीपासून तपासावं तसा तिचा चेहरा झाला होता.

"काळजीपोटी रोज बघत होतात?"

"रोज म्हणजे... हो. रोज."

"मग मी गोळी बंद केली तेव्हा तुम्हाला कळलं असेल."

अण्णा सांडलेला चहा रुमालाने टिपू लागले.

"त्याच दिवशी कळलं असेल. पाण्यात गोळी दिसेनाशी झाली असेल. म्हणून माझी झोप विचारत होतात. म्हणून त्या सकाळी उशी घेऊन दाराशी उभे होतात." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "तुम्हाला माहीत होतं मी पडणार आहे. का नाही बोललात?"

"बोललो असतो, तर..." अण्णांचे ओठ हलले. "कसं कळलं म्हणून विचारलं असतंस."

सासूबाई खाली बसल्या. ऋजुताला ती सकाळ दिसली, ओट्यावरून ओघळणारं दूध, जमिनीवर आपटणारे हात आणि दाराशी उशी धरून, आपली अब्रू सांभाळत, वाट बघत उभा असलेला हा स्वच्छ माणूस. याच्यापुढे दात कोरणारा रसाळसुद्धा बरा वाटावा, इतकी तिला किळस आली. आणि ती मनातल्या मनात ठेवावी असंही तिला वाटलं नाही.

"मला तुमची किळस येते, अण्णा," ती म्हणाली.

तिला कुणी गप्प केलं नाही. सासूबाईंनीही नाही.

शाल्मली उठली. पट्टीतून एक गोळी फोडली आणि वडिलांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. गोळी जिभेवर ठेवून तिने त्यांना ती दाखवली. मग पाणी प्यायली, तोंड मोठं उघडलं, जीभ उचलली, डावीकडे नेली, उजवीकडे नेली, दवाखान्यात नर्सला दाखवतात तसं.

"गेली आत," ती म्हणाली. "नीट बघून घ्या. बारानंतर दिसणार नाही."

अण्णा उठले आणि हात धुवायला मोरीत गेले. आत नळ सुरू झाला तो बराच वेळ सुरूच राहिला. शेवटी सासूबाईंनी बाहेरूनच सांगितलं, "पुरे आता. पाणी बंद करा."